विकत घेतली एक टीबी, दिसते ९३१ जीबी: साठवणुकीची एकके कशी वाचावीत

एक टेराबाइटची नवी हार्ड डिस्क विंडोज असलेल्या संगणकाला जोडली की तिची क्षमता ९३१ जीबी दिसते आणि पुष्कळ ग्राहकांचा पहिला संशय दुकानदारावर जातो. वास्तविक एकही बाइट हरवलेला नसतो. एकाच नावाची दोन मापे वापरात आहेत, इतकेच. कच्चा शेर आणि पक्का शेर अनुभवलेल्या पिढीला हे चटकन उमगेल, कारण तेव्हा ‘शेर’ म्हटले की ‘कोणता?’ हे विचारावेच लागे.

सुरुवात बाइटपासून करावी आणि ती वाचून नव्हे, करून पाहावी. विंडोजच्या अलीकडच्या आवृत्तीत नोटपॅड उघडून त्यात फक्त ‘मराठी’ हा शब्द टंकित करा, एंटर न दाबता फाइल जतन करा आणि तिच्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा. आकार १५ बाइट दिसेल. म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे झाली, आणि अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. रोमन लिपीतले अक्षर मात्र एकाच बाइटात मावते. बिट म्हणजे शून्य किंवा एक. असे आठ बिट मिळून एक बाइट होतो आणि त्याच्या २५६ वेगवेगळ्या रचना होऊ शकतात. मोबाइलवरच्या साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि मराठीची ७० चिन्हे झाली की दुसरा संदेश सुरू होतो, त्यामागेही हाच हिशेब आहे: एका संदेशाला १४० बाइटच मिळतात, त्यांत इंग्रजी अक्षर सात बिटांत बसवले जाते, तर देवनागरी चिन्हाला तिथे दोन बाइट द्यावे लागतात.

आता मूळ घोळाकडे येऊ. डिस्क, पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड बनवणाऱ्या कंपन्या किलो, मेगा, गिगा हे शब्द मीटर-ग्रॅमप्रमाणेच हजाराच्या पटीत वापरतात, त्यामुळे त्यांचा एक टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट. विंडोज मात्र प्रत्येक टप्प्यावर १०२४ ने भागते. या संख्येला १०२४ ने तीनदा भागा, ९३१.३ उरतात. या दुसऱ्या मापासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे ठरवून दिली, पण विंडोज आजही गिबीबाइट मोजून शेजारी जीबीच लिहिते. माझ्या मते दोष द्यायचाच तर तो या लिहिण्याला द्यावा. मॅक संगणक २००९ पासून हजारानेच मोजतात, म्हणून तीच डिस्क तिथे एक टीबी दिसते. खरेदीपूर्वी अंदाज हवा असेल तर वेष्टनावरच्या जीबीला ०.९३१ ने गुणावे: २५६ चे २३८ होतात, ५१२ चे सुमारे ४७७. जुन्या फ्लॉपीने तर दोन्ही मापे एकत्र कालवली होती; तिचे ‘१.४४ एमबी’ म्हणजे १४४० गुणिले १०२४ बाइट, जे धड या मापात बसत नाही, ना त्या.

रॅमच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. तिथल्या प्रत्येक बाइटच्या जागेचा पत्ता बिटांनी लिहिला जातो आणि एक बिट वाढला की पत्ते दुप्पट होतात, म्हणून ८ जीबी रॅम खरोखरच १०२४ च्या हिशेबाने ८ जीबी असते. रॅम हा कामाचा ओटा आहे आणि डिस्क म्हणजे फडताळ. वीज गेली की ओट्यावरचे जाते, फडताळातले राहते. त्यामुळे फोन ‘जागा संपली’ म्हणत असेल तर रॅमचा आकडा पाहून उपयोग नाही.

इंटरनेटच्या जाहिरातीत तिसरी गफलत होते. तिथला १०० एमबीपीएस हा वेग मेगाबिटांत असतो, तर फाइलचा आकार मेगाबाइटांत. रोमन लिपीत बिटसाठी लहान बी आणि बाइटसाठी मोठा बी लिहितात, पण जाहिरातीच्या घाईत तिकडे कोण पाहतो! वेगाला आठने भागा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे एक जीबीची फाइल उतरायला जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी ८० सेकंद लागतील.

हे सारे प्रत्यक्षात सर्वाधिक उपयोगी पडते ते ऑनलाइन अर्ज भरताना. बँकभरतीच्या अर्जांत फोटो २० ते ५० केबीचा मागतात आणि फोनने काढलेला फोटो सहज ४ एमबीचा, म्हणजे मर्यादेच्या ऐंशी पट असतो. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून तो लहान करण्याची युक्ती अनेक जण वापरतात. फोटो लहान होतो खरा, पण किती होईल ते आपल्या हातात राहत नाही. त्याऐवजी फोटो-संपादकात आधी चेहऱ्याभोवती कातरावे आणि मग लांबी-रुंदी २०० गुणिले २३० पिक्सेल करावी. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तरी एकूण १,३८,००० बाइट होतात आणि जेपेग या फोटो आवळून साठवणाऱ्या स्वरूपात जतन केल्यावर ती फाइल सहसा ५० केबीच्या आत येते. ती २० केबीच्याही खाली गेली, तर जतन करतानाची गुणवत्ता थोडी वाढवून पुन्हा जतन करावी.