मॉडेल बोटीचा पंखा घरी बनवायचा तर

बोट पाण्यात सोडली, मागे फेसच फेस झाला, मोटर किंचाळली आणि बोट मात्र जागची हलेना, तर मोटर बदलायची घाई करू नका. दोष बहुतेक वेळा पंख्याचा, म्हणजे प्रोपेलरचा असतो.

पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणून बोट पुढे सरकते. हे ढकलणं दोन तऱ्हांनी होतं: थोडं पाणी जोरात फेकायचं किंवा जास्त पाणी सावकाश. निम्मं पाणी दुप्पट वेगाने फेकलं तर धक्का तेवढाच मिळतो, पण ऊर्जा दुप्पट जाते. म्हणून अर्ध्या मीटरच्या आसपासच्या हौशी बोटीला लहान भिरभिऱ्यापेक्षा मोठा, संथ पंखा बरा. शर्यतीच्या बोटींचं गणित निराळं, ते इथे नको.

दुसरी गोष्ट पिच. स्क्रू लाकडात एका फेऱ्यात जेवढा आत जातो, तेवढा त्याचा पिच. पंख्याचा पिच ४० मिमी आणि फेरे मिनिटाला ३,००० असतील तर हिशेबाने बोट सेकंदाला २ मीटर जायला हवी. पण पाणी लाकडासारखं घट्ट नसतं, थोडं घसरतंच. ४० टक्के घसरण धरली तर १.२ मीटर हाती लागतात, म्हणजे आपण चालतो साधारण तेवढा वेग. मॉडेलला पुष्कळ झाला.

सामान

अर्धा मिमी जाडीचा पितळी पत्रा (तांबटाकडे कातरण मिळतं), सायकलचा एक स्पोक (हाच पंख्याचा दांडा) निपलसकट, म्हणजे टोकावरच्या आटेदार टोपीसकट, स्पोक मोकळा फिरेल अशी पितळी नळी, सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब, ग्रीस आणि जुन्या प्रिंटरमधली एखादी दोन तारांची मोटर. खेळण्यातली तीन व्होल्टची मोटर फार जोरात फिरते आणि ४० मिमीच्या पंख्यापुढे दमते.

पाती कापणं आणि पिळणं

पत्र्यावर ४० मिमी व्यासाचं वर्तुळ काढा. त्यात समोरासमोर दोन रुंद पाती आखून कापा, मधोमध निपलपुरतं भोक पाडा. दोन पाती पुरतात. १८३७ साली इंग्लंडमधले शेतकरी फ्रान्सिस पेटिट स्मिथ कालव्यात आपली बोट चालवून बघत होते. तिला दोन पूर्ण वेढ्यांचा लाकडी स्क्रू होता. तो आपटून निम्मा तुटला आणि बोट उलट जास्त वेगाने पळाली. लांबलचक स्क्रूची गरज नाही, हे तिथे कळलं.

आता पीळ, आणि सगळी मेख इथेच आहे. पातं टोकाशी मोठं वर्तुळ फिरतं, मध्याशी लहान. पण एका फेऱ्यात पुढे दोघांनाही सारखंच जायचंय. म्हणून कोन सगळीकडे एक ठेवून चालत नाही. ४० मिमी पिचसाठी मध्यापासून ७ मिमीवर सुमारे ४२ अंश, १४ मिमीवर २४ अंश आणि टोकाला १८ अंश. पुठ्ठ्याचे तीन त्रिकोण कापून ठेवा, पक्कडीने हळूहळू पिळा आणि त्यांना लावून बघा. दोन्ही पाती सारखी हवीत, नाहीतर बोट थरथरते.

पीळ कोणत्या बाजूला? स्पोकचे आटे उजवे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा त्यावर सुटत जातो. म्हणून बोटीच्या मागे उभं राहून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या उलट फिरला पाहिजे, म्हणजे चालता चालता तो घट्ट होतो. त्यासाठी वरच्या पात्याची डावी कड बोटीकडे आणि उजवी कड आपल्याकडे वळवा. मग निपल भोकात सोल्डर करा. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तारा अदलाबदल करा.

बसवणं

नळी बोटीच्या तळातून शक्य तितकी आडवी काढा. दहा-बारा अंशांपेक्षा जास्त तिरकी नको. ती एपॉक्सीने चिकटवा. ग्लू गन सोपी वाटते, पण सोलापूरच्या मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या बोटीत तो गोंद मऊ पडतो. नळीत ग्रीस भरा. आतल्या टोकाशी ग्रीसमध्ये बुडवलेल्या सुताचे दोन-तीन सैल वेढे दिले की पाणी वर चढत नाही. यंत्रमागांच्या गावात सुताला काय तोटा! स्पोक आणि मोटर व्हॉल्व्ह ट्यूबने जोडा.

पंख्याचं वरचं टोक पाण्याखाली निदान १५ मिमी तरी असू द्या. वर आलं तर तो हवा ओढतो, आणि सुरुवातीला सांगितलेला फेस तिथूनच येतो. सुकाणू बरोबर पंख्याच्या मागे, त्याच्या झोतात बसवा.

ओढ मोजणं

नळाला पाणी येण्याच्या दिवशी अंगणातला हौद भरून घ्या. नंतर ते पाणी कुंड्यांना घालता येईल. बोटीच्या मागे दोरी बांधून दुसरं टोक स्प्रिंगच्या काट्याला अडकवा आणि मोटर चालू करा. आकडा लिहून ठेवा आणि मिनिटभराने मोटरला हात लावा. चटका बसत असेल तर पंखा जड झालाय. फेरे तेवढेच ठेवून त्याच प्रमाणातला पंखा ३० ऐवजी ४० मिमीचा केला तर ताकद सुमारे चौपट लागते. म्हणून आधी मोठा बनवायचा आणि टोकं कातरत जायचं. दोन-तीन मिमीनेही भार चांगलाच उतरतो. हा धंदा कंटाळवाणा आहे, पण दुकानातला तयार पंखा आणून अंदाजाने बसवण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

पंखा डावीकडे फिरतो म्हणून बोट उजवीकडे कलते. बॅटरी थोडी डावीकडे सरकवा.

तलावावर

सकाळी वारा पडलेला असताना जा. सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस टाळा. कंबर तलावात जलपर्णी असेल तर मोकळं पाणी बघूनच बोट सोडा. मुळं स्पोकला गुंडाळली की मोटर अडकते आणि जळते. पहिल्या वेळी दोरी बांधणार असाल तर ती बोटीच्या नाकाला बांधा. मागे बांधलेली दोरी पहिल्याच वळणावर पंखा गुंडाळून घेतो.