गिअर पडेना, टीसीएम मात्र निर्दोष

आमची एएमटी (क्लच पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) गाडी भर पावसात ताम्हिणीतून आली आणि दुसऱ्या दिवशी मीटरवर गिअरच्या जागी नुसता डॅश, स्टार्टच होईना. गॅरेजवाला म्हणाला टीसीएम (गिअर बदलणारा कॉम्प्युटर) गेला, नवीन टाका, आकडा ऐकून बायको म्हणाली आधी स्वतः बघ तरी. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीचा बिघाड कोडमध्ये सांगणारं यंत्र) लावला तर कोड आला यू०१०१, म्हणजे टीसीएमशी संपर्क तुटलाय, पण तो मेलाय की त्याला करंटच मिळत नाहीये हे त्यावरून कळत नाही (इथेच लोक फसतात).

हा डबा काही गाड्यांत डॅशबोर्डखाली असतो, काहींत गिअरबॉक्सच्या आतच, माझा निघाला बॅटरीच्या ट्रेखाली. बॅटरी काढून ओबीडी पोर्टच्या ६ आणि १४ पिनमध्ये ६० ओहम आले, म्हणजे कॅनच्या (गाडीतले कॉम्प्युटर ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या) मुख्य वायरी ठीक. फ्यूजही ठीक. मग बॅटरी जोडून टीसीएमच्या सॉकेटवर मल्टीमीटर धरला तर झकास १२ व्होल्ट, पण तिथेच टेस्ट बल्ब लावला तर नुसता मिणमिणला, म्हणजे व्होल्टेज दिसतंय पण करंट पुरेसा वाहत नाहीये! टॉर्च मारून बघितलं, अर्थची पिन गंजून हिरवीगार. कॉन्टॅक्ट क्लीनर, जुना टूथब्रश, एक नवीन टर्मिनल, कोड क्लिअर केला आणि पहिला गिअर टक्कन पडला.