इमारतीच्या फळ्यावर रोजची नोंद कशी लिहावी

ठाण्यातील आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी एक काळा फळा आहे. खालच्या अर्ध्या भागात पाणीकपातीच्या आणि मेंटेनन्सच्या सूचना असतात. वरच्या अर्ध्या भागात मी रोज सकाळी सात वाजण्यापूर्वी भाषा, इतिहास किंवा सामान्यज्ञान यांपैकी एका विषयावरची छोटी नोंद लिहितो. हे काम आपल्या इमारतीत सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी माझी रीत येथे सांगतो.

लिफ्टची वाट पाहणारा माणूस फळ्यासमोर फार तर अर्धा मिनिट उभा असतो, त्यामुळे नोंद पाच ओळींत संपली पाहिजे आणि तिच्यात एकच गोष्ट असली पाहिजे. सुविचार, दिनविशेष, शब्दार्थ आणि म्हण असे शाळेतल्यासारखे चार कप्पे पाडले, तर चारांपैकी एकही नीट वाचला जात नाही.

खरा वेळ लागतो तो निवडीला. नोंद वाचणाऱ्याच्या रोजच्या वाटेवरची, रोजच्या तोंडातली असावी. पगार, चावी, बटाटा, पाव, लिलाव, घमेले हे सारे शब्द पोर्तुगिजांकडून मराठीत आले. परंतु ही यादी एकाच दिवशी फळ्यावर उतरवली, तर ती यादीच राहते. त्यातला एक शब्द घ्यावा आणि तो गावाशी जोडून पाहावा. मी ‘तुरुंग’ घेतला. हा शब्द पोर्तुगीज ‘त्रोंको’वरून आला. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड. पुढे कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकूड आणि त्यावरून कैदखाना असाही अर्थ त्याला आला. आपल्याकडचे खोड आणि पायातला खोडा हे शब्द शेजारी ठेवले की ही वाट वाचकाला लगेच दिसते. फळ्यावर मी पुढे एवढेच लिहिले: ‘ठाण्याचा किल्ला पोर्तुगिजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी जिंकला, आणि आज त्याच किल्ल्यात मध्यवर्ती कारागृह आहे.’ त्या भिंतीवरून रोज जाणाऱ्यांना शब्द आणि जागा एकाच वेळी मिळाली.

दिनविशेषालाही हीच कसोटी लावावी. १६ एप्रिलला १८५३ सालच्या बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या प्रवासी गाडीबद्दल लिहिताना चौतीस किलोमीटर, चौदा डबे आणि सुमारे चारशे प्रवासी एवढे आकडे पुरतात, कारण सकाळची लोकल पकडणाऱ्याला त्यापुढचे चित्र आपोआप दिसते. केवळ तारीख जुळते म्हणून कोणाचीही जयंती लिहू नये.

मोबाईलवर आलेला मजकूर तसाच फळ्यावर उतरवणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक असून ती माझ्याकडून घडलेली आहे. एका ६ जानेवारीला मी ‘आज बाळशास्त्री जांभेकर यांची जयंती’ असे लिहिले. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेने संध्याकाळी थांबवून सांगितले की ६ जानेवारी १८३२ हा त्यांच्या ‘दर्पण’ या वृत्तपत्राच्या पहिल्या अंकाचा दिवस असून पत्रकार दिन त्यावरून पाळला जातो. तेव्हापासून कोणतेही साल दोन वेगवेगळ्या छापील ग्रंथांत पाहिल्याशिवाय मी लिहीत नाही, आणि शब्दाचे मूळ व्युत्पत्तिकोशात सापडले नाही तर तो शब्द बाजूला ठेवतो. ठाणेकरांना १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय जवळ आहे. महिन्यातून एक सकाळ तेथे बसले, तर तीस दिवसांच्या नोंदी निघतात. चूक झालीच तर दुरुस्ती दुसऱ्या दिवशी त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावी. गुपचूप पुसून टाकू नये.

शुद्धलेखनाकडे विशेष लक्ष असावे, कारण मुले फळ्यावरचेच बरोबर मानतात. ‘पोर्तुगीज’मधला गी दीर्घ, पण ‘पोर्तुगिजांनी’मधला ऱ्हस्व, हे लिहिण्यापूर्वी एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. फळा रात्रीच ओल्या फडक्याने पुसून ठेवावा; पावसाळ्यात तो वाळायला वेळ लागतो आणि ओल्या फळ्यावर खडू उमटत नाही.

फळ्याखाली दोरीने एक वही आणि पेन्सिल बांधून ठेवावी. ‘तुरुंगा’च्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींनी वहीत न लिहिता मलाच विचारले, “काय हो, तुरुंग पोर्तुगिजांचा, मग त्याआधी आपण काय म्हणत होतो?” मी त्यांच्यासमोरच तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत बंदिखाना, कैदखाना आणि कारागृह हे तीन शब्द आले: ‘कैद’ अरबी, ‘खाना’ फारसी आणि ‘कारागृह’ संस्कृत. सकाळी सातच्या आधीच आजी फळ्यासमोर चष्मा लावून उभ्या होत्या.