बॅकहोचे पिन-बुश बदलण्यापूर्वीची तयारी

पावसाळ्यात मातीकाम थंडावले की बॅकहो लोडरच्या मागच्या, खोदणाऱ्या हाताचे पिन-बुश (सांध्यातली पोलादी पिन व तिच्याभोवतीची बदलता येणारी नळी) बदलायला सवड मिळते. पण सुटे भाग मागवण्याआधी ढिलाई नेमकी कोणत्या सांध्यात आहे हे ठरवावे. बकेटच्या दातांशी दिसणारा खेळ हा किंगपोस्ट (हात डावी-उजवीकडे ज्यावर फिरतो तो जोड), बूम (हाताचा मशीनकडचा भाग), डिपर (बकेटकडचा भाग) आणि लिंक (बकेट फिरवणारे जोड) या सगळ्यांच्या झिजेची बेरीज असतो, त्यामुळे दोष बकेटच्या पिनला देऊन मोकळे होणे चुकीचे. बकेट जमिनीपासून चार बोटे वर ठेवून, इंजिन बंद करून, प्रत्येक सांधा पहारीने हलवून पाहावा आणि त्याची नोंद ठेवावी.

झीज बहुधा भार येतो त्या बाजूलाच जास्त होते, म्हणून पिन निघाल्यावर व्हर्नियरने तिन्ही ठिकाणी, म्हणजे दोन्ही टोकांना व मध्ये, आणि दर ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी मापावी. जुन्या बुशमध्ये नवी पिन घालणे ही काटकसर नव्हे; दोन्ही एकत्रच बदलावेत. मशीनच्या प्लेटवरील मॉडेल व अनुक्रमांक पाहून त्यांच्याबरोबर सील, शिम (फट भरणाऱ्या पातळ चकत्या), लॉक बोल्ट आणि ग्रीस निप्पलही (ग्रीस भरण्याचे तोंड) घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बोअरचा, म्हणजे बुश ज्यात बसतो त्या भोकाचा आहे. बुशची कड चकचकीत झाली असेल, बुश बाहेर सरकला असेल किंवा त्याचे ग्रीसचे भोक जागेवरून फिरले असेल, तर तो बोअरमध्ये फिरला आहे आणि बोअर अंडाकृती झाला असण्याची दाट शक्यता आहे. अशा वेळी हात खोलण्याआधीच लाईन बोरिंग (बोअर पुन्हा गोल व एका रेषेत कातणे) करणाऱ्याची वेळ पक्की करावी. बुशला वेल्डिंगचे टाके मारून तो जागेवर धरण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण पुढच्या वेळी तो गॅस कटरने कापताना बोअरच कापला जातो.

घट्ट बसणारा बुश घणाने ठोकण्यापेक्षा थंड करावा. ६० मिमी व्यासाचा पोलादी बुश तापमान १०० अंशांनी उतरल्यावर सुमारे ०.०७ मिमी आकसतो. ड्राय आइसने (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडने) एवढे साधते, साध्या फ्रीजरमध्ये त्याच्या निम्मेच. ड्राय आइस हाताळण्यासाठी जाड हातमोजे व हवेशीर जागा हवी.

मशीन सपाट, टणक जमिनीवर उभे करून पुढची बकेट व दोन्ही स्टॅबिलायझर (मशीनला आधार देणारे बाजूचे पाय) टेकवावेत, इंजिन बंद केल्यावर लिव्हर हलवून हायड्रॉलिकचा उरलेला दाब सोडावा आणि चावी काढून स्वतःजवळ ठेवावी. हात नुसत्या सिलिंडरवर तोललेला नको. त्याखाली लाकडी स्लीपर व वजनाला पुरेसे स्टँड हवेत, वर चेन पुली हवी. कडक केलेल्या पिनवर थेट घण मारला तर कपची उडते, म्हणून मध्ये पितळी रॉड धरावा आणि चष्मा सगळ्यांनी लावावा. भोके जुळली का हे बोट घालून कधीही पाहू नये, त्यासाठी बारीक सळई जवळ ठेवावी. वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची जोडणी आधी काढावी व अर्थिंगचा क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावावा.

भरलेली ग्रीसगन आणि स्वच्छ फडकी अगोदरच हाताशी हवीत, कारण नवा बुश बसवताना त्याचे भोक निप्पलच्या वाटेशी जुळले आहे का, हे पिन घालण्यापूर्वी ग्रीस आत येताना डोळ्यांनी पाहूनच ठरवायचे असते.