लग्नातल्या अंबाड्याची तयारी: आकडे, जाळी, अग्रफूल आणि गजरा

सकाळच्या मुहूर्तासाठी नवरीचा अंबाडा आठ-साडेआठला बांधला जातो आणि पंगत उठेपर्यंत, म्हणजे दुपारचे तीन वाजेपर्यंत, तो जागचा हलता कामा नये. मधल्या वेळात गळ्यात हार पडतात, डोक्यावर अक्षता पडतात, डोक्यावरून पदर येतो-जातो, होमापुढे बसावं लागतं, आणि सगळ्यात मोठी परीक्षा म्हणजे वाकून केलेले पन्नासेक नमस्कार. एवढं सोसायचं असेल तर तयारी दागिन्यांपासून नाही, पायापासून सुरू करायची. अग्रफूल, म्हणजे अंबाड्याच्या मध्यावर लावायचा फुलाच्या आकाराचा दागिना, पडतं तेव्हा दोष बहुतेक वेळा अग्रफुलाचा नसतो. खालचे केस निसटते असतात आणि त्याला धरायला काही मिळत नाही.

म्हणून आधी आकडे आणि पिना. काळ्या पिना (ज्यांना आपण बॉब पिना म्हणतो) दोन इंची ४० आणि कपाळाजवळच्या बारीक केसांसाठी दीड इंची एक डझन. पाकीट उघडून प्रत्येक पीन बोटाने तपासायची. दोन्ही टोकांवर प्लास्टिकचा बारीक मणी हवा. मणी गळालेली पीन डोक्याला ओरखडते आणि तिसऱ्या तासाला नवरीला तेवढंच सुचतं. दोन पाय एकमेकांना घट्ट चिकटलेले हवेत. एकदा दातांनी फाकवलेली पीन परत तशी धरत नाही, तेव्हा पिना बोटांनीच उघडायच्या. अंबाड्याचे आकडे, म्हणजे दोन पायांचे उघडे काटे, अडीच ते तीन इंची घ्यायचे. पायांत मधे लहर असलेले घ्या, सरळ पायांचे आकडे गुळगुळीत केसांतून बाहेर सरकतात. अंबाड्याला १२ आणि गजऱ्याच्या दोन फेऱ्यांना १६ असे २८ लागतात. तीन डझन घेतले की हरवायलाही आठ उरतात. केस रंगवलेले असतील तर निम्म्या पिना तपकिरी घ्याव्या, कारण सोनेरी छटेच्या केसांत काळी पीन फोटोत पहिली दिसते.

रबर कापडाचं आवरण असलेलं, जाड, काळं, तीन नग. साधं बारीक रबर तिसऱ्या वेढ्याला तुटतं आणि केस तोडून निघतं. जाळी केसांच्या रंगाची, बारीक विणीची, दोन घ्याव्या. आकड्याच्या टोकाने एक फाटतेच. अंबाड्याच्या आत घालायचं कडं, ज्याला दुकानात डोनट म्हणतात, ते तीन इंच व्यासाचं बहुतेकींना पुरतं. त्यावर केस पसरून गुंडाळले की अंबाडा चार इंचांच्या आसपास होतो. त्यापेक्षा मोठं कडं घेण्याचा मोह आवरावा. केस विरळ असतील तर मोठ्या कड्यावर ते पुरत नाहीत आणि मधून स्पंज दिसायला लागतो. केस खांद्याच्या वर असतील तर गंगावन, म्हणजे जोडायचे खोटे केस, लागेलच. ते आधी विंचरून, आपल्या केसांशेजारी उन्हात धरून रंग जुळवायचा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली दोन वेगळे काळे रंग सारखे दिसतात.

आता दागिने. अंबाड्याच्या मध्यावर अग्रफूल किंवा सूर्यफूल, कडेने मोत्यांची खोपा पीन, भांगात बिंदी-बिजवरा, कानापासून केसांपर्यंत जाणारे वेल. याहून जास्त काही लावू नये असं आमचं ठाम मत आहे, कारण गजरा आला की निम्मं झाकलं जातं. घरचं जुनं सोन्याचं अग्रफूल असेल तर मागची बाजू बघा. काहींना स्क्रू असतो, काहींना दोन पायांचा काटा. स्क्रूचं फिरणं सैल झालं असेल तर सोनाराकडे पंधरा दिवस आधी द्यायचं, कारण लग्नसराईत तो लगेच देईलच असं नाही. सोन्याच्या फुलाला मागून काळा दोरा ओवून तो अंबाड्यातल्या एका आकड्याला बांधून ठेवावा. काटा निसटला तरी फूल दोऱ्याला लटकतं, गर्दीत पायाखाली जात नाही. पुण्यात तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वर इथे मोत्याच्या खोपा पिना हव्या तेवढ्या मिळतात. घेताना खडे नखाने हलवून बघायचे. नुसत्या गोंदाने चिकटवलेला खडा मांडवाच्या उकाड्यात गळतो, तारेने बांधलेला मोती राहतो. खोटे दागिने घरी आणल्यावर कानामागे तासभर टेकवून ठेवा. तिथे खाज सुटली, तर कपाळावर आणि डोक्यावरही सुटेल.

वेलाकडे दुर्लक्ष होतं. झुबे जड असतील तर त्यांचं वजन वेलच तोलतो, नाहीतर कानाची पाळी ओघळते. पण वेलाचा आकडा मोकळ्या केसांत अडकवला तर तो केसांनाच खाली ओढतो. कानाच्या वर दोन बोटं अंतरावर दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावायच्या आणि वेल त्या फुलीत अडकवायचा. बिजवऱ्यालाही भांगाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला अशीच एकेक फुली लागते. या चार फुल्यांच्या, म्हणजे दोन वेलांच्या आणि भांगासाठी पुढे-मागे दोन, आठ पिना वेगळ्या काढून ठेवाव्या.

गजऱ्याचं माप अंदाजाने सांगितलं जातं आणि नेमका तिथेच तो कमी पडतो. चार इंची अंबाड्याचा घेर साडेबारा इंच भरतो, पण गजऱ्याला स्वतःची जाडी असते. पाऊण इंच जाडीचा गजरा असेल तर पहिल्या फेऱ्याला १५ इंच आणि त्याच्या बाहेरून जाणाऱ्या दुसऱ्या फेऱ्याला २० इंच लागतात. म्हणजे ३५ इंच, जवळजवळ दोन हात. त्यावर वीतभर जास्त सांगायचा. दोन्ही टोकांना वीतभर दोरा मोकळा सोडायला फूलवाल्याला बजावायचं, नाहीतर बांधायला काही उरत नाही आणि टोकाची फुलं तोडावी लागतात. आणखी एक गोष्ट विचारायची: गजरा गाठीचा आहे की सुईने ओवलेला? गाठीच्या गजऱ्यात प्रत्येक जुडग्याला दोऱ्याची गाठ असते, मधे दोरा तुटला तरी दोन-चार कळ्याच जातात. सुईने ओवलेला दिसायला भरगच्च, पण एका ठिकाणी तुटला की सगळा घरंगळतो. अंबाड्याला गाठीचाच घ्यावा.

फुलं महिन्याप्रमाणे ठरतात. मोगऱ्याचा भर उन्हाळ्यात. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांना मोगरा मिळतो, पण महाग आणि बारीक; तेव्हा शेवंतीची वेणी किंवा कुंदाचा गजरा बरा. पावसाळ्यात जुई, पण ती फार नाजूक, दुपारपर्यंत मान टाकते. गोव्यात आणि तळकोकणात अबोलीची वेणी केळीच्या सोपात गुंफलेली मिळते. तिला वास नाही, पण ती हलकी असते आणि दुसऱ्या दिवशीही रंग धरून राहते. दिवसभराच्या लग्नाला अबोलीसारखं सोशीक फूल नाही. सुरंगीचे वळेसर (गजरे) वेंगुर्ल्याच्या बाजूला फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला थोडेच दिवस मिळतात. वास इतका उग्र की डोकं दुखणाऱ्यांनी आधी घरात ठेवून बघावा.

मोगरा आदल्या संध्याकाळी घ्यायचा तो मिटलेल्या, टपोऱ्या, पांढऱ्या कळ्यांचा. कळ्या रात्रीतून उमलतात. संध्याकाळीच उमललेला घेतला तर सकाळी पाकळ्यांच्या कडा तपकिरी होतात. घरी आणल्यावर पाणी शिंपडू नये, हीच चूक सगळीकडे होते. पाण्याचा थेंब पाकळीवर राहिला की तिथे डाग पडतो. मलमलचं फडकं ओलं करून घट्ट पिळायचं, त्यात गजरा सैल गुंडाळायचा किंवा केळीच्या पानात ठेवायचा, आणि झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवायचा. बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवलेला मोगरा काळवंडतो. सकाळी माळण्याआधी अर्धा तास बाहेर काढला की वास परत येतो.

लग्नाच्या आठ दिवस आधी एक पूर्ण तालीम हवी. नुसता अंबाडा बांधून आरशात बघणं म्हणजे तालीम नव्हे. ज्या ब्लाउजवर शालू नेसायचा तो ब्लाउज घालायचा, ठुशीची दोरी मानेवर बांधून बघायची, डोक्यावर पदर घ्यायचा, खुर्चीला टेकून बसायचं आणि दहा वेळा वाकून नमस्कार करायचा. अंबाडा फार खाली असेल तर ठुशीचा गोंडा आणि ब्लाउजची नाडी त्यात अडकते. फार वर असेल तर पदर तंबूसारखा उभा राहतो. कानाच्या पाळीच्या वरच्या कडेच्या रेषेत मध्य आला की दोन्ही अडचणी टळतात. अंबाडा दोन तास तसाच ठेवावा. एकाच ठिकाणी ठणका लागला तर तिथली पीन उभी घुसली आहे. नमस्कारानंतर अंबाडा डुलला तर त्याचा पाया, म्हणजे रबराखालचे केस, सैल आहेत. किती पिना, कुठे, हे फोनवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवायचं.

आदल्या दिवशी हळद. हळदीचं तेल केसांच्या मुळाशी जातंच, म्हणून हळद लागल्यावर त्याच संध्याकाळी केस धुवायचे, लग्नाच्या सकाळी नाही. कंडिशनर फक्त टोकांना, मुळांना अजिबात नाही, कारण फार मऊ केसांवर आकडा ठरत नाही. पूर्ण वाळवूनच झोपायचं. ओलसर केसांचा अंबाडा बांधला की केस वाळताना आकसतात, तासाभरात सगळं सैल पडतं आणि वासही येतो.

सकाळी केसांना हात लावण्याआधी नवरीने पुढून बटणं असलेला कपडा घातलेला असावा. डोक्यातून काढायचं काहीही त्या दिवशी अंगात नको. भांग पाडून कपाळाकडचे केस वेगळे करायचे, टाळूवरचे थोडे केस उलटे विंचरून उठाव द्यायचा, मागे रबराने घट्ट शेपटी बांधायची. शेपटीच्या मुळाशी चार बाजूंनी चार पिना, नागमोडी बाजू डोक्याकडे. बरेच जण गुळगुळीत बाजू आत घालतात, पण केसांना पकड नागमोडी बाजूची असते. मग कडं, त्यावर केस, उरलेली टोकं कड्याभोवती गुंडाळून आत खोवायची, वर जाळी. आता आकडे, आणि इथे घाई करायची नाही. आकडा आधी बाहेरच्या दिशेने धरून टोकांनी अंबाड्याच्या कडेचे थोडे केस उचलायचे, मग तो उलटा फिरवून डोक्याला चिकटून अंबाड्याच्या पोटाकडे सरकवायचा. नीट बसला की तो दिसत नाही आणि ओढ जाणवते, टोचत नाही. सरळ खुपसलेला आकडा केसांतून नुसता आरपार जातो, काही धरत नाही. घड्याळातल्या १२, ६, ३, ९ या क्रमाने पहिले चार लावले तर अंबाडा एका बाजूला झुकत नाही.

स्प्रे मारायचा तो इथेच, फुलं लावण्याआधी. फुलांवर स्प्रे उडाला तर पाकळ्या करपल्यासारख्या होतात. स्प्रे पेट घेणारा असतो, म्हणून तो पूर्ण वाळू द्यायचा आणि होमाजवळ बाटली न्यायचीच नाही. नायलॉनच्या गंगावनाची टोकं मोकळी सोडली असतील तर लाजाहोमाच्या वेळी ती मागे धरायला एकजण हवी. नायलॉन वितळतं.

गळ्यातले दोरीचे दागिने आधी, लोंबता गजरा शेवटी. गजऱ्याचा दोरा आकड्याच्या दोन पायांमधे धरून आकडा आत घालायचा, दर दोन-अडीच इंचांवर एक. फुलातून आकडा घालू नये, पाकळी तुटते आणि पकडही मिळत नाही. अग्रफूल आणि खोपा पीन गजऱ्याच्या आधी बसवायची, म्हणजे त्यांना केसांचा आधार मिळतो.

मुंडावळ्या बोहल्यावर चढण्याआधी बांधल्या जातात आणि बांधणारा बहुतेक वेळा घाईत असतो. गाठ अंबाड्याच्या वर यावी. खाली आली की दोरी घसरत कपाळावरून डोळ्यांवर उतरते. दोन्ही कानांवर दोरीवरून एकेक पीन आडवी लावली की ती जागेवर राहते. मंगळसूत्र घालताना नवरदेव मागे किंवा शेजारी उभा असतो, त्याला अडकवायचा आकडा सापडत नाही, आणि मानेवर लोंबणारे गजऱ्याचे पदर मधे येतात. मंगळसूत्राचा आकडा गजऱ्याच्या दोऱ्यात अडकला की ओढाताण होते आणि अंबाडा खालून उसवतो. त्या दोन मिनिटांसाठी लोंबते पदर वर उचलून एका पिनेने अंबाड्यावर टाकून ठेवायचे आणि नंतर सोडायचे. हे काम करवलीला आधीच सांगून ठेवावं.

करवलीच्या पर्समध्ये दहा पिना, सहा आकडे, एक जाळी, एक रबर, काळा दोरा-सुई, छोटी कात्री, शेपटीचा कंगवा आणि ओल्या फडक्यात वीतभर गजरा. एवढं असलं की काहीही उसवलं तरी पाच मिनिटांत सावरता येतं.

सोडताना उलट क्रम. गजऱ्याचा दोरा कात्रीने कापून आधी तो काढायचा, मग दागिने, मग आकडे, शेवटी पिना. स्प्रेने कडक झालेल्या केसांतून कंगवा ओढू नये. बोटांना खोबरेल लावून गुंता सोडवायचा आणि मग धुवायचं. लावताना पिना आणि आकडे मोजून लिहिलेले असतील तर काढतानाही तेवढे मोजायचे. एखादी पीन राहिली तर ती बहुधा अंबाड्याच्या मुळाशी, रबराच्या वेढ्यात असते. अग्रफूल कोरड्या कापडाने पुसून, फुलांचा ओलावा पूर्ण गेल्यावरच कापसात गुंडाळून डबीत ठेवायचं.