आर.व्ही.मधून पाच बेसबॉल स्टेडियम: सिअ‍ॅटल ते सॅन डिएगो प्रवास कसा करावा

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याने आर.व्ही. (झोपण्या-जेवण्याची सोय असलेली, चाकांवरचे घर म्हणावे अशी गाडी) घेऊन जाताना मेजर लीग बेसबॉल या तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेची पाच मैदाने पाहता येतात: सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, अ‍ॅनाहाइम आणि सॅन डिएगो. तुमच्या हाती आलेल्या यादीत ओकलंडही असेल, तर ती यादी खुशाल टाकून द्यावी. तिथला संघ २०२४ चा हंगाम संपताच गाव सोडून गेला आणि २०२५ मध्ये त्याच्या जुन्या मैदानावर मेजर लीग क्रिकेटचे सामने झाले. हा प्रवास मी चार वेळा केला आहे. त्यातला पहिला इतका फसला की आजही घरात त्याचा विषय निघाला की मी चहा करायला उठतो.

प्रवासाची दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवावी. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे जाताना समुद्र आपल्या बाजूला येतो आणि थांबण्याच्या मोकळ्या जागा सरळ उजवीकडे मिळतात. उलट दिशेने गेल्यास प्रत्येक थांब्यासाठी २५ फुटी गाडी समोरच्या रहदारीतून आडवी घालावी लागते. एका शहरात गाडी घेऊन दुसऱ्या शहरात सोडण्याचे जास्तीचे पैसे भाड्याने देणारी कंपनी लावतेच, ते निमूटपणे भरावेत.

तारखा जुळवण्याचे काम वाटते तितके अवघड नाही, मात्र ते योग्य टोकापासून सुरू करावे लागते. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर, आणि हे घरचे सामने साधारण आठवडाभराच्या सलग तुकड्यांत येतात. मग संघ तितकेच दिवस बाहेरगावी असतो. दक्षिणेकडची तीन मैदाने एकमेकांपासून दोनशे किलोमीटरच्या टापूत आहेत, त्यामुळे त्यांचा क्रम मागेपुढे करता येतो. सिअ‍ॅटल आणि सॅन फ्रान्सिस्को यांचे तसे नाही. म्हणून आधी सिअ‍ॅटलचा सामना ठरवावा, त्यानंतर आठ ते दहा दिवसांनी सॅन फ्रान्सिस्कोचा संघ घरी आहे असे पाहावे आणि मगच खाली उतरावे. जुलैच्या मध्यावर ऑल-स्टारच्या (निवडक खेळाडूंच्या खास सामन्याच्या) सुट्टीत साधारण चार दिवस नियमित सामने नसतात, तो आठवडा टाळावा. माझे मत विचाराल तर सप्टेंबर सर्वांत उत्तम, कारण मुलांच्या शाळा सुरू झाल्याने कॅम्पग्राउंड (आर.व्ही.ने मुक्काम करायच्या जागा) सैल पडतात, सॅन फ्रान्सिस्कोचे धुके विरळ होते आणि पुढच्या फेरीतल्या प्रवेशासाठी संघ खरोखर जीव तोडून खेळतात.

गाडी २५ फुटांहून मोठी घेऊ नये. चार माणसांना ती पुरते. कॅलिफोर्निया आणि ओरेगॉनच्या स्टेट पार्कमधील (राज्य सरकारच्या उद्यानांतील) मुक्कामाच्या जागांचे आरक्षण सहा महिने आधी खुले होते आणि समुद्राकाठच्या जागा पहिल्या काही मिनिटांतच संपतात, हे लक्षात घेऊन त्या सकाळी संगणकासमोर बसावे. टाक्या रिकाम्या करताना आधी संडासाची, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. या विषयावर लोक पानेच्या पाने लिहितात, एवढे पुरे.

रस्त्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. ओरेगॉनचा १०१ क्रमांकाचा महामार्ग आर.व्ही.साठी उत्तम आहे. कॅलिफोर्नियात मात्र लेगेटपाशी १ क्रमांकाचा रस्ता फुटतो, त्याच्या पहिल्या टप्प्यातली वळणे मोठ्या गाडीत पोटात ढवळून काढतात, म्हणून १०१ सोडू नये. पुढे दक्षिणेला याच १ क्रमांकाच्या रस्त्यावर समुद्राकाठचा बिग सर हा भाग लागतो, तिथल्या कड्यांवर दरडी कोसळतात. २०१७ साली मड क्रीक येथे डोंगरच खाली आला आणि तिथला रस्ता वर्षाहून अधिक काळ बंद राहिला. तेव्हा निघण्याच्या सकाळी कॅलट्रान्स या कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचा क्विकमॅप हा ऑनलाइन नकाशा पाहिल्याशिवाय तिकडे वळू नये.

आता ज्या टप्प्यावर मी स्वतः आपटलो, त्याकडे येतो. सामन्याच्या दिवशी आर.व्ही.चे काय करायचे, हा या प्रवासातला खरा प्रश्न आहे. त्यावर “स्टेडियमचे पार्किंग मोठे असते, काही अडचण येत नाही” असा सल्ला देणाऱ्याने बहुधा ते पार्किंग मोटारीतूनच पाहिलेले असते.

पहिल्या खेपेस मी ३० फुटी गाडी घेऊन एका स्टेडियमच्या फाटकाशी सामन्याच्या पाऊण तास आधी पोहोचलो. लांब गाड्यांसाठी वेगळे फाटक आणि आधी घेतलेला वेगळा पास लागतो, असे तिथल्या माणसाने शांतपणे सांगितले आणि मला पुढे काढून दिले. पुढे म्हणजे शहराच्या गल्ल्यांत. बहुमजली वाहनतळांवर सात फुटांच्या आतबाहेरची मर्यादा लिहिलेली आणि माझी गाडी बारा फूट उंच. मागे रांग लागलेली, त्यामुळे मी मिळेल त्या वळणावर उजवीकडे वळत गेलो आणि शेवटी ज्या गल्लीत शिरलो ती पुढे बंद होती. बायको खाली उतरली आणि एस.टी.च्या कंडक्टरसारखी गाडीच्या पत्र्यावर थापा मारत “येऊ द्या, येऊ द्या” म्हणू लागली. तिचे लक्ष माझ्या उजव्या चाकाकडे होते. डावीकडच्या मागच्या कोपऱ्याने एक खांब वाकवला तेव्हा आम्हा दोघांनाही तो फक्त ऐकू आला. आम्ही आसनावर बसलो तेव्हा नऊपैकी पाचवी इनिंग चालू होती आणि विम्याने न भरलेली रक्कम चार तिकिटांहून कितीतरी अधिक होती.

त्या खांबाचे कारण समजून घ्यावे, कारण ते कोणत्याही गल्लीत पुन्हा घडू शकते. आर.व्ही.चा बराच भाग मागच्या चाकांच्याही मागे लोंबत असतो. तुम्ही उजवीकडे वळता तेव्हा तो भाग डावीकडे बाहेर फेकला जातो, आणि वळण जितके आखूड तितका अधिक. चालकाचे डोळे वळणाच्या आतल्या बाजूला खिळलेले असतात आणि नुकसान बाहेरच्या बाजूला होते. शहरात वळताना म्हणून थोडे सरळ पुढे जाऊन मगच चाक फिरवावे आणि मागे घेताना दिशा दाखवणाऱ्याला नेहमी चालकाची नजर असते त्याच्या विरुद्ध बाजूच्या मागच्या कोपऱ्याशी उभे करावे.

पण खरा उपाय याहून सोपा आहे आणि तो मी आता नियम म्हणून पाळतो: सामन्याच्या दिवशी गाडी जागची हलवायची नाही. आदल्या दिवशी दुपारी कॅम्पग्राउंड गाठावे, वीज-पाणी जोडावे आणि मैदानाकडे रेल्वेने जावे. सिअ‍ॅटलसाठी मी डॅश पॉइंट स्टेट पार्कमध्ये उतरतो; तिथून फेडरल वेपर्यंत टॅक्सी आणि पुढे लाइट रेल थेट स्टेडियम स्थानकावर नेते. सॅन फ्रान्सिस्कोसाठी हाफ मून बे येथे राहावे, टॅक्सीने डोंगर ओलांडून हिल्सडेलला यावे आणि कॅलट्रेन ही लोकल पकडावी. तिचे शेवटचे स्थानक मैदानापासून चालत काही मिनिटांवर आहे. लॉस एंजेलिसला डॉकवायलरचा आर.व्ही. पार्क अगदी वाळूला लागून आहे, फक्त विमाने डोक्यावरून जातात. शेजारच्या विमानतळावरून फ्लायअवे बस युनियन स्टेशनला जाते आणि तिथून डॉजर स्टेडियमची बस तिकीटधारकांना फुकट नेते. हे १९६२ सालचे मैदान टेकडीवर आहे आणि तिथे छपन्न हजार लोक बसतात. सामना सुटल्यावर त्या साऱ्या मोटारी टेकडी उतरताना पाहिल्या की बसच्या रांगेचे काही वाटत नाही. अ‍ॅनाहाइममध्ये डिस्नेलँडमुळे आर.व्ही. पार्क शहरातच आहेत, तिथून टॅक्सी जवळची पडते. सॅन डिएगोला चुला व्हिस्टाच्या खाडीकाठी उतरावे आणि ट्रॉली या शहरी रेल्वेची ब्लू लाइन घ्यावी. पाचांपैकी सर्वांत निवांत सामना मी तिथेच पाहिला.

“पण रात्री रस्त्याकडेला उभी केली तर?” असे विचारणारा एकजण प्रत्येक वेळी भेटतो. सॅन डिएगोत रात्री दोन ते सकाळी सहा मोठ्या वाहनांना रस्त्यावर मनाई आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोत दिवसाढवळ्या काचा फुटतात. पासपोर्ट आणि लॅपटॉप असलेले घर कोणी फुटपाथशी सोडून जात नाही. इथे घरालाच चाके आहेत एवढाच फरक.

परतीची शेवटची गाडी आधी पाहून ठेवावी. २०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारे घड्याळ, आल्यापासून सामना सरासरी तीन तासांच्या आत आटोपू लागला आहे, परंतु बरोबरी झाल्यास तो कितीही लांबतो. शक्य तिथे दुपारचा सामना निवडावा, विशेषतः मुले बरोबर असतील तेव्हा. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कमध्ये रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते आणि जनरेटर तर आठलाच बंद करावा लागतो, त्यामुळे रात्रीचे जेवण निघण्यापूर्वी करून झाकून ठेवावे. आम्ही मुगाची खिचडी करतो. परतल्यावर थंडगार असली तरी चालते.

तिकिटे फोनवरच असतात, म्हणून फोन पूर्ण चार्ज करून न्यावा. पाठीवरच्या पिशवीला बहुतेक फाटकांवर मनाई असते. छोटी पारदर्शक पिशवी सगळीकडे चालते. सॅन फ्रान्सिस्कोला ऑगस्टमध्येही स्वेटर लागतो. तिथे तिकीट मिळालेच नाही, तरी उजव्या बाजूच्या भिंतीमागे खाडीकाठच्या पायवाटेवर जाळीदार कमानी आहेत, त्यांतून काही वेळ सामना फुकट दिसतो. चोवीस फूट उंचीची ती भिंत इथल्या संघाचे थोर खेळाडू विली मेज यांच्या पोशाखावरील २४ क्रमांकाची आठवण आहे, आणि तिच्यावरून गेलेला चेंडू पाण्यात पडला की वल्ही मारत बसलेली माणसे त्याच्यावर झेपावतात.

शेवटच्या मैदानाच्या दुसऱ्या दिवशी गाडी परत करायची असल्यास चुला व्हिस्टातच टाक्या रिकाम्या कराव्यात, इंधन पहिल्या दिवसाच्या पातळीपर्यंत भरावे आणि चारही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, डावा मागचा कोपरा दोनदा.