छोट्या चर्चसाठी कॉर्डलेस माइक घ्यायचाय? आधी एवढी तयारी करा

बजेट कमी असलं आणि कॉर्डलेस माइक घ्यायचा ठरला की पहिला मोह होतो तो चार माइकच्या सेटचा, एवढ्याच पैशात चार येतायत तर एक कशाला घ्यायचा असं वाटतं. मी स्पष्टच सांगतो, छोट्या चर्चला एकच घ्या पण धड घ्या. स्वस्त सेटमध्ये तोच पैसा चार ठिकाणी वाटला जातो, आणि ऐन शास्त्रपाठात आवाज तुटायला लागला की उरलेले तीन माइक सहसा उपयोगी पडत नाहीत, कारण चारही एकाच रिसीव्हरवर (माइकचा सिग्नल पकडणारा डबा) चालतात. शेवटच्या बाकावर बसलेल्या आजोबांना वचनातला शब्द न् शब्द ऐकू यावा, एवढ्यासाठीच हा खर्च आहे, बाकी सगळं त्याच्या मागे.

तर आधी कागद घ्या आणि माइक कोण कोण धरणार ते लिहून काढा. पाळकसाहेब पुलपिटवरून हलत नसतील तर त्यांना वायरचा माइक स्टँडवर लावून दिला की झालं, त्याला ना सेल लागत ना सिग्नल, आणि आवाजही त्याच पैशात जास्त चांगला मिळतो. कॉर्डलेस लागतो तो साक्ष द्यायला बाकावरूनच उभ्या राहणाऱ्यांना, वेगवेगळ्या जागेवरून शास्त्रपाठ करणाऱ्यांना, संडे स्कूलच्या मुलांना, आणि फिरत फिरत गाणी घेणाऱ्याला. दोन माणसं एकाच वेळी खरंच बोलणार असतील तरच दोन घ्या, आणि दोन घेतले तर दोघांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या हव्यात, एका फ्रिक्वेन्सीवर दोन माइक चालू केले की दोन्ही खराब. त्याच कागदावर मिक्सरला (सगळे आवाज एकत्र करून कमी-जास्त करायचा डबा) मोकळा इनपुट आहे का आणि तो एक्सएलआर (तीन पिनांचा गोल) आहे की जाड पिनचा (गिटारच्या वायरीला असते तशी) हे पण लिहा, कारण काही साध्या रिसीव्हरला फक्त जाड पिनचंच आउटपुट असतं, मग रविवारी सकाळी कन्व्हर्टर शोधत बसावं लागतं. आणि स्पीकरच फाटलेला असेल तर आधी तो बदला, चांगला माइक लावून फाटका आवाज सुधारत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फ्रिक्वेन्सी. इथे घाई करू नका. बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. व्हीएचएफवाले, म्हणजे खालच्या फ्रिक्वेन्सीचे, सगळ्यात स्वस्त, पण त्यातले बरेचसे एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, म्हणजे आजूबाजूला तीच फ्रिक्वेन्सी कोणी वापरत असेल तर तुमच्याकडे बदलायला काहीच नाही. दुसरे २.४ गिगाहर्ट्झचे डिजिटल, हे लावायला सोपे, बहुतेक देशांत लायसन्सची भानगड नाही, पण वाय-फाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात असतात, आणि मंडळीत प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. छोट्या हॉलमध्ये, माइक आणि रिसीव्हरच्या मध्ये काही अडथळा नसेल तर चालतात, नाही असं नाही, पण उपासना ऑनलाइन दाखवायला वाय-फाय राउटर शेजारीच ठेवलेला असेल तर मी हा प्रकार घेणार नाही. तिसरे यूएचएफ, म्हणजे व्हीएचएफच्या वरच्या फ्रिक्वेन्सीचे, आणि चर्चसाठी माझं मत यालाच, फक्त फ्रिक्वेन्सी बदलता येणारा हवा. नुसता यूएचएफ लिहिलेला पण एकाच फ्रिक्वेन्सीवर अडकलेला माइक पण मिळतो, म्हणून विचारताना 'चॅनल (म्हणजे निवडता येणाऱ्या फ्रिक्वेन्सी) किती आहेत आणि बदलता येतात का' असंच विचारा.

यूएचएफ घेताना अजून एक. कुठला पट्टा वायरलेस माइकला चालतो हे प्रत्येक देशात वेगळं असतं आणि ते बदलतं पण. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१० मध्ये माइकसाठी बंद झाला, मग ६०० चा बहुतेक भाग २०२० मध्ये गेला, कारण दोन्ही मोबाइलच्या सेवेला दिले. म्हणून कोणी जुना माइक स्वस्तात देत असेल, किंवा परदेशातून कोणी प्रेमाने आणून देत असेल, तर आधी मागचं स्टिकर वाचा, त्यावर मेगाहर्ट्झचा आकडा असतो, तो आपल्या देशाच्या नियमात बसतो का बघा आणि मगच हो म्हणा. माइक चालू होतो म्हणजे तो वापरायला परवानगी आहे असं नसतं.

रिसीव्हरला दोन अँटेना दिसल्या म्हणून खूश होऊ नका. एका अँटेनाकडे सिग्नल कमी पडला की दुसरीवरून घ्यायचा याला डायव्हर्सिटी म्हणतात, आणि आवाज तुटणं याच्यामुळेच कमी होतं. पण काही स्वस्त रिसीव्हरमध्ये दोन काड्या म्हणजे दोन माइकसाठी एकेक असते, किंवा आत काही बदलाबदली होतच नाही. स्पेसिफिकेशनमध्ये डायव्हर्सिटी हा शब्द लिहिलाय का तेवढं बघा. रेंजचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका, तो मोकळ्या जागेतला असतो.

आवाजाच्या क्वालिटीबद्दल थोडक्यात: डायनॅमिक (आत कॉइल असलेला साधा, दणकट प्रकार) आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचाच आवाज घेणारा) घ्या, विषय संपला. शुअरचा एसएम ५८ हा १९६६ पासून चालत आलेला माइक याच जातीचा आहे, समोरचा आवाज घेतो, मागचा कमी घेतो, त्यामुळे स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून वाजणारी शिट्टी कमी होते. त्याच्याच कॅप्सूलचे (जाळीतला आवाज पकडणारा भाग) कॉर्डलेस पण मिळतात, बजेटमध्ये बसला तर सेकंड हँडसुद्धा वाईट नाही, फक्त वर सांगितलेलं स्टिकर आधी बघा.

सेलचा हिशोब आत्ताच करा, नंतर तोच अंगाशी येतो. साधे एए सेल घालायचा माइक मी पसंत करतो, कारण ऐन वेळी कुठेही मिळतात, आतली बॅटरी चार्ज करायला कोणी विसरलं तर उपासनेआधी पाच मिनिटांत काय करणार? रिचार्जेबल एए चालतात आणि वर्षभरात पैसे वाचवतात, पण ते १.२ व्होल्टचे असतात आणि साधे अल्कलाइन १.५ चे, म्हणून माइकवरचा बॅटरीचा इंडिकेटर थोडा फसवतो, आणि रिचार्जेबल संपताना हळूहळू नाही तर एकदम संपतात. त्यावर उपाय एकच, दर रविवारी सुरुवातीला भरलेलेच सेल घालायचे, 'अजून अर्धे असतील' हा हिशोब नको. आठवडाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा, आत फुटले की कॉन्टॅक्ट खराब होतात.

घेताना परत करायची मुदत किती आहे ते विचारून घ्या आणि त्या मुदतीत एक तरी रविवार येईल असं बघा. रिकाम्या हॉलमध्ये केलेली टेस्ट अर्धीच असते. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, ते रेडिओचा सिग्नल खातं, २.४ गिगाहर्ट्झला तर जास्तच, म्हणून शुक्रवारी छान चाललेला माइक रविवारी बाक भरले की तुटायला लागतो. टेस्ट साधी आहे, एकाने माइक घेऊन एखादं स्तोत्र वाचत दारापर्यंत जायचं, कोपऱ्यात जायचं, रिसीव्हरकडे पाठ करून उभं राहायचं, आणि दुसऱ्याने कुठे तुटलं ते लिहायचं. मग तेच मंडळी भरलेली असताना, उपासना संपल्या संपल्या, लोक बसलेले असतानाच करा, मोबाइल आणि वाय-फाय चालू ठेवून.

तुटत असेल तर माइकला दोष द्यायच्या आधी रिसीव्हर कुठे ठेवलाय ते बघा. बहुतेक ठिकाणी तो मागे मिक्सरशेजारी, टेबलाखाली नाहीतर लोखंडी कपाटात असतो आणि मधे सगळी मंडळी बसलेली. तो पुढे आणा, लोकांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवा, राउटरपासून लांब, आणि तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआरची लांब केबल ओढा. केबलमधून आवाज आरामात मागे जातो, हवेतला सिग्नल तेवढा जात नाही. मिक्सरला फँटम पॉवर (काही माइकना केबलमधून दिली जाणारी वीज) चालू असेल तर रिसीव्हर लावलेल्या इनपुटची बंद करा, रिसीव्हरला ती लागत नाही.

लेव्हल सेट करताना सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याला बोलवा, रिसीव्हरवरचा लाल दिवा पेटणार नाही इतपत माइकचा गेन (आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवा, मग मिक्सरवर या. मिक्सरला लो कटचं (अगदी खालचा, घुमणारा आवाज कापणारं) बटण असेल तर दाबून ठेवा, हात लागल्याची धडधड आणि श्वासाचा ढप असा आवाज त्याने बराच जातो.

आणि माइक धरायला शिकवा, ही तयारी सगळे विसरतात. साक्ष द्यायला एखादी मावशी उभी राहते, माइक दोन्ही हातांनी छातीशी धरते, नजर खाली, आवाज हळू. मिक्सरवरचा मुलगा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर वर नेतो आणि शिट्टी वाजते, मावशी दचकून माइक अजून लांब करते. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे फेडर किती वर नेणार? माइक द्यायला जाणाऱ्यानेच तिच्या हातात देताना तो तोंडाजवळ, हनुवटीच्या जरा पुढे आणून द्यायचा आणि हळूच म्हणायचं, 'मावशी, इथेच धरा.' तेवढं पुरतं. तरुण मुलं उलटं करतात, जाळीला मूठ आवळतात, त्याने माइक चारही बाजूंचा आवाज घ्यायला लागतो आणि परत शिट्टी. तळाशी पण मूठ नको, बऱ्याच माइकची अँटेना तिथेच असते. मधोमध धरायचं. ऑन-ऑफचं बटण लॉक होत असेल तर ऑनवर लॉक करून ठेवा आणि आवाज मिक्सरवरूनच बंद करा, नाहीतर वाचणारा पहिलं वाक्य बंद माइकमध्येच वाचून टाकतो.

माइक एका तोंडाकडून दुसऱ्याकडे जातो, म्हणून जाळी फिरवून काढा, आतला फोम सौम्य साबणाने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा, महिन्यातून एकदा तरी.

शेवटी एक पिशवी करा, त्यात नवीन सेलची जोडी, रिसीव्हरच्या अडॅप्टरवर नाव लिहिलेली चिठ्ठी (सगळे अडॅप्टर सारखेच दिसतात आणि चुकीचा लावला तर रिसीव्हर जळू शकतो), चालणाऱ्या चॅनलचा नंबर लिहिलेला कागद. आणि जुना वायरचा माइक कोणाला देऊन टाकू नका, तो केबलसकट पुलपिटजवळ लावून, मिक्सरवर लेव्हल ठरवून, फक्त फेडर खाली करून ठेवा. कॉर्डलेस बंद पडलाच तर पाळकसाहेबांनी तो उचलायचा आणि मागच्याने फेडर वर करायचा, हे दोघांनाही आधीच माहीत हवं.